भूगोलाचं मंडळ काढायचंय? आधी एक ओढा निवडा

प्रश्न थोडक्यात असा: "मी हडपसर भागात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून पुण्यात भूगोलाचं एक अभ्यासमंडळ काढायच्या विचारात आहोत. प्राचार्य म्हणतात, परिषदा आहेतच की, नवं कशाला? वार्षिक अधिवेशन आणि प्रमाणपत्रं यापलीकडे अशी संस्था नेमकं काय काम करते, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही. आम्ही काय करावं?"

मॅडम, पुण्यात भूगोल शिकवण्यात आणि भूगोलाच्या संस्थांची कामं करण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. कार्यकारिणीत बसलो, शोधनिबंध तपासले, अभ्याससहली नेल्या, हिशेबाच्या वह्याही लिहिल्या. त्यावरून ठामपणे सांगतो, अशा संस्थेचं मूळ काम एकच असतं. जमिनीवर जाऊन जे पाहिलं आणि मोजलं, ते अशा रीतीने नोंदवून ठेवायचं की दुसऱ्या कुणालाही ते तपासता यावं आणि तीस वर्षांनी वापरता यावं. व्याख्यानं, अधिवेशनं, नियतकालिक, पुरस्कार ही सगळी त्या कामाची साधनं. साधनंच उरली आणि काम सुटलं, तर संस्था नावापुरती राहते.

जुन्या संस्थांकडे पाहिलं की हे पटतं. पॅरिसची भूगोल संस्था १८२१ ची, बर्लिनची १८२८ ची आणि लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० ची. लंडनच्या संस्थेचं नाव निघालं की लोकांना मोहिमा आणि सुवर्णपदकं आठवतात. मला तिचं मोठेपण दिसतं ते प्रवाशांना उपकरणं उसनी देण्यात आणि निरीक्षण कसं करावं याची हातपुस्तिका काढण्यात. ती पुस्तिका पहिल्यांदा १८५४ मध्ये निघाली आणि पुढे सुधारून निघत राहिली. अक्षांश कसा काढायचा, पाणी कोणत्या तापमानाला उकळतं यावरून उंची कशी ठरवायची, रोजनिशीत काय टिपायचं, हे सगळं एका रीतीत बसलं. म्हणून आफ्रिकेतल्या माणसाच्या आणि मध्य आशियातल्या माणसाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्या.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून नैन सिंह रावतांचं उदाहरण मुद्दाम देतो. कुमाऊंतल्या मिलम गावचे ते शाळामास्तर. सर्व्हेच्या, म्हणजे त्या वेळच्या इंग्रज सरकारच्या भूमापन खात्याच्या, लोकांनी त्यांना देहरादूनला एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं. हातात १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. तिबेटमध्ये परक्याला बंदी असताना त्यांनी ल्हासाचं स्थान आणि उंची काढली. १८७७ मध्ये लंडनच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिलं. महागडी उपकरणं त्यांच्याकडे फारशी नव्हती. पावलाची लांबी ठरलेली होती आणि मोजणी कधी चुकवायची नाही ही शिस्त होती, म्हणून ते काम टिकलं.

या संस्था साम्राज्याच्या सेवेत होत्या, हेही विद्यार्थ्यांना सांगा. नकाशा पुढे आणि फौज मागे, असं पुष्कळ ठिकाणी झालं. बायकांच्या बाबतीत तर १८९२-९३ मध्ये लंडनच्या संस्थेने थोड्या जणींना घेतलं, मग वाद होऊन दार बंद केलं आणि ते पुन्हा उघडलं १९१३ मध्ये. आपल्याकडे मुंबईतही १८३० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या संस्थेची शाखा म्हणून एक भूगोल संस्था निघाली होती. १८७३ मध्ये ती रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. संस्था संपली, पण तिने छापलेले खंड ग्रंथालयात राहिले आणि संशोधक ते आजही उघडतात. छापून ठेवलं नसतं तर तिचं नावसुद्धा कुणाला आठवलं नसतं. पुढे मद्रासला १९२६ मध्ये आणि कलकत्त्याला १९३३ मध्ये भूगोलाच्या संस्था उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये राष्ट्रीय अॅटलासचं काम सुरू झालं ते प्रा. एस. पी. चॅटर्जींच्या पुढाकाराने, आणि १९६८ ची आंतरराष्ट्रीय भूगोल काँग्रेस दिल्लीत भरली तीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली.

आता प्राचार्यांच्या प्रश्नाकडे येतो. तो रास्त आहे. महाराष्ट्र भूगोलशास्त्र परिषद आहे. पुण्यात विद्यापीठाच्या भूगोल विभागाच्या आधाराने उभी राहिलेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्स आहे. तुम्ही सगळ्यांनी या संस्थांचं सभासद व्हावं, त्यांच्या अधिवेशनांना जावं, तिथे निबंध वाचावेत. पण राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवरची संस्था एका ओढ्याकडे दहा वर्षं सलग पाहू शकत नाही. तिचे सभासद गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले असतात, वर्षातून एकदा भेटतात. एकाच शहरात राहणारी, रविवारी सकाळी दोन तासांत एकत्र जमू शकणारी पंधरा माणसं जे करू शकतात, ते त्या संस्थेच्या आवाक्याबाहेरचं आहे. नवं मंडळ काढायचं ते एवढ्यासाठी. दुसरी परिषद म्हणून काढणार असाल तर काढू नका.

काय करायचं ते एका उदाहरणाने सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरात उगम, कात्रजच्या तलावांतून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर असा खाली येतो आणि पर्वतीच्या पायथ्याजवळून, दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. पेशवाईत तो शहरातून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याला बांध घालून वळवलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. कात्रजहून शहरात पाणी आणणारा नळही त्याच काळातला, त्याचे उसासे, म्हणजे नळातली हवा सुटायला बांधलेले मनोरे, पेठांमध्ये अजून काही ठिकाणी उभे आहेत. म्हणजे या एका ओढ्यात भूरूपशास्त्र आहे, जलव्यवस्थापन आहे, नगररचना आहे आणि इतिहासही आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला लोंढा आला, भिंती पडल्या, माणसं गेली. सकाळी वर्तमानपत्रांत फोटो आले, आठवडाभर चर्चा झाली.

त्या आठवड्यात भूगोलाच्या मंडळाचं काम काय? पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मोजून ठेवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण नीट केलेलं फार कमी आढळतं, म्हणून कृती तपशिलात लिहितो.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते. बाहेरच्या भिंतीवरची रेघ फसवी असते. तिथे लाटा आपटतात, गाड्या गेल्या की पाणी उसळतं, आणि रेघ खऱ्या पातळीपेक्षा वर दिसते. म्हणून घराच्या आत जायचं. आतल्या खोलीत पाणी संथ असतं. कपाटाच्या मागची भिंत, जिन्याखालचा कोपरा, मीटरच्या पेटीचा आतला भाग, इथे बारीक गाळाची सरळ, बोटभर जाडीचीही नसलेली रेघ मिळते. तिच्यावर पेन्सिलने खूण करायची. जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, मोजपट्टी फोटोत दिसेल असा फोटो घ्यायचा. घरमालकाला विचारायचं की पाणी चढायला लागलं तेव्हा किती वाजले होते, सगळ्यांत वर होतं तेव्हा किती, उतरायला कधी लागलं. जसं सांगतील तसं लिहायचं. "साधारण साडेदहा" म्हणाले तर "साधारण" हा शब्दही लिहायचा. दोन जणांनी एकमेकांचं न पाहता स्वतंत्र मोजायचं आणि मग ताडून पाहायचं.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. जमिनीपासूनची उंची पुरेशी नाही, कारण रस्ता पुढच्या वर्षी डांबराने चढणार असतो. ती खूण कायमच्या संदर्भाला जोडावी लागते: सर्व्हे ऑफ इंडियाचा किंवा महापालिकेचा बेंचमार्क (उंची आधीच ठरवलेली पक्की खूण), तो जवळ नसेल तर पुलाच्या कठड्यावरचा एखादा पक्का बिंदू. डंपी लेव्हल, म्हणजे दोन बिंदूंच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, मिळाली तर उत्तम. कोणत्याही स्थापत्य अभियांत्रिकी महाविद्यालयात ती असते आणि विनंती केली तर देतात. नाहीच मिळाली तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी चालते, थोड्या अंतरात ती अगदी भरवशाची आहे. मोबाइलच्या जीपीएसची उंची मात्र कृपा करून लिहू नका. ती काही मीटरने वरखाली होते. शिवाय उपग्रहावरून मिळते ती उंची गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते, आणि आपल्या भागात या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. काही उपकरणं हा फरक आतल्या आत दुरुस्त करतात, काही करत नाहीत. पुराच्या पातळीत वीस सेंटिमीटरने घर ओलं की कोरडं ते ठरतं. तिथे अशा आकड्याचा उपयोग शून्य.

ओढ्याच्या काठाने अशा वीस-पंचवीस खुणा मिळाल्या की पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार काढता येतो. दोन-तीन ठिकाणी पात्राचा आडवा छेद मोजला, तळ आणि काठ किती खडबडीत आहेत याचा अंदाज घेतला, की मॅनिंगच्या सूत्राने त्या रात्री सेकंदाला किती घनमीटर पाणी गेलं असेल याचा अंदाज निघतो. आंबिल ओढ्यासारख्या छोट्या प्रवाहांवर विसर्ग मोजण्याची कायमची व्यवस्था सहसा नसते. मग तुमचा हा अंदाज हीच त्या पुराची एकमेव मोजलेली नोंद ठरते. आणि हे सगळं आठवड्याच्या आत करायचं, कारण लोक भिंती धुतात, रंग लावतात, आणि लावणारच. विद्यापीठातला संशोधक प्रकल्प मंजूर करून घेऊन येईपर्यंत रेघ गेलेली असते. स्थानिक मंडळच तिथे वेळेत पोचू शकतं.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा जुन्या भागात काही ठिकाणी आहेत. कुणीतरी त्या वेळी केल्या म्हणून आज आपण तिथे उभं राहून मुलांना हात वर करून दाखवू शकतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाच्या खुणा किती जणांनी मोजून ठेवल्या असतील, हा प्रश्न मला खरंच छळतो. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आपण शिकवतो. या रेषा प्रत्यक्ष पुराशी ताडून पाहायला हातात मोजलेल्या खुणा लागतात.

तुम्ही विचाराल, हल्ली उपग्रहाची चित्रं आणि नकाशे फुकट मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ते मिळतात ही फार चांगली गोष्ट आहे. आमच्या विद्यार्थिदशेत एकेक टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचं पत्रक, मिळवायला अर्ज-विनंत्या करायला लागायच्या, सीमेलगतच्या पत्रकांचं तर विचारायलाच नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-अवकाशीय माहितीचे नियम सैल केले, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, आणि आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० ची पत्रकं उतरवून घेता येतात. तुमच्या पहिल्याच बैठकीत पुण्याची दोन पत्रकं मांडा: ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५. दोन का? प्रत्येक पत्रक पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांशाचं असतं आणि १८ अंश ३० मिनिटांचं अक्षवृत्त स्वारगेट-पर्वतीच्या आसपासून जातं. म्हणजे आपलं शहर दोन पत्रकांत कापलं गेलं आहे, आणि आंबिल ओढ्याचा उगम एका पत्रकात, तर संगम दुसऱ्यात. मुलांना दोन्ही पत्रकं जोडून ओढा बोटाने गिरवायला लावा. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) वीस मीटरच्या अंतराने आहेत हे लगेच लक्षात येईल, आणि धनकवडीपासून दांडेकर पुलापर्यंत त्या किती थोड्या ओलांडाव्या लागतात हेही. दोन समोच्च रेषांच्या मधे एक अख्खी वस्ती, एक भराव घातलेलं पात्र आणि एक नवी सीमाभिंत लपून राहते. ते पाहायला पायीच जावं लागतं.

दुसरं काम पावसाचं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास आणि दौंड-शिरूरकडे पाचशेच्या खाली. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एवढा उतार, पर्जन्यछाया शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा जगात फार ठिकाणी नसेल. शहराच्या आतही परतीच्या पावसात आणि वळवाच्या सरींत कात्रजला धो धो आणि शिवाजीनगरला ऊन, हे आपण सगळे अनुभवतो. पण बातम्यांत आकडा येतो तो थोड्याच केंद्रांचा. तुमच्या मंडळात पंधरा शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक असतील तर पंधरा साधे पर्जन्यमापक बसवता येतात. गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवू नका. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवस तिथे संपतो. त्या चोवीस तासांचा पाऊस वाचनाच्या तारखेला लिहायचा, आदल्या तारखेला नाही. आणि ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी ०.० लिहायचं. रकाना मोकळा ठेवायचा तो वाचन झालंच नसेल तेव्हा. शून्य आणि मोकळा रकाना यांतला फरक न पाळल्यामुळे वर्षानुवर्षांच्या वह्या निकामी झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यात मुलांची केवढी मेहनत होती हे आठवलं की वाईट वाटतं. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत वाचन कोण घेणार हे जूनमध्येच ठरवा. बहुतेक शाळांमधला उपक्रम तिथेच बंद पडतो. शिपाईमामांना शिकवलंत तर ते शिक्षकांपेक्षा नियमित वाचन घेतात, हा माझा अनुभव आहे. मात्र अहवालात त्यांचं नाव निरीक्षक म्हणून छापा.

शाळांसाठी याच जोडीने दोन दिवस धरून ठेवा. १४ जानेवारीला महाराष्ट्रात भूगोल दिन साजरा होतो. त्या दिवशी फलकावर "आज सूर्याचं उत्तरायण सुरू झालं" असं लिहिलेलं दिसतं. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते, ऋतू विषुवबिंदूच्या संदर्भाने, आणि पृथ्वीच्या आसाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो त्यामुळे, दोन्हींत साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस असं अंतर वाढत आलं आहे. हे आठवीच्या मुलांना एक भोवरा फिरवून दाखवता येतं, आणि भूगोल दिनाला याहून योग्य कार्यक्रम मला सुचत नाही. दुसरा दिवस मे महिन्याच्या १३-१४ तारखेचा, पुण्याच्या शून्य सावलीचा. दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बाराला का नाही, याचं उत्तर रेखांशात आहे: आपलं घड्याळ ८२.५ अंशांचं, पुणे ७३.८५ अंशांवर, म्हणजे सुमारे पस्तीस मिनिटांचा फरक, त्यात वेळेच्या समीकरणाची, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत वर्षभर बदलत राहणाऱ्या फरकाची, थोडी दुरुस्ती. जुलैअखेरही हा योग येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

नियतकालिकाबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण मंडळ निघालं की कुणीतरी तो विषय काढतंच. पहिली पाच वर्षं काढू नका. विद्वत्संस्थेचं नियतकालिक म्हणजे छपाईचं काम वाटतं, प्रत्यक्षात ते तपासणीचं काम आहे. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या संशोधनपत्रिकांची, यादी २०२५ मध्ये बंद झाली. आता एखाद्या पत्रिकेचा दर्जा काय, हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संस्थांवर आली आहे. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्यांचा सुळसुळाट आहेच. त्यात आणखी एक भर घालायची नसेल तर प्रत्येक निबंध दोन जाणकारांनी खरोखर वाचला पाहिजे, आणि तसा वेळ देणारी माणसं आधी जमवावी लागतात.

तपासणी म्हणजे काय, याचा एक नमुना देतो. माझ्याकडे पुण्याच्या लोकसंख्येच्या घनतेवरचा निबंध आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. क्षेत्रफळ कोणत्या सालचं घेतलंय ते बघतो. शेवटची जनगणना २०११ ची. त्या वेळी महापालिका हद्दीत ३१ लाख लोक होते आणि क्षेत्र अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस, आणि क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. लेखकाने लोकसंख्या जनगणनेतून घेतली आणि क्षेत्रफळ महापालिकेच्या आजच्या संकेतस्थळावरून, तर घनता एकदम निम्म्यावर येते, आणि मग "पुण्याची घनता घटली" असा निष्कर्ष, त्यावर कारणमीमांसा, त्यावर शिफारशी! सगळं भाषेत व्यवस्थित, संख्याशास्त्रीय चाचण्या लावलेल्या, आणि पायाच नाही. हे घरी एकट्याने वाचताना लेखकाला दिसत नाही. मंडळाच्या बैठकीत वीस मिनिटं वाचन आणि चाळीस मिनिटं प्रश्न अशी पद्धत ठेवलीत, तर कुणीतरी हडपसरच्या बाजूचा शिक्षक लगेच विचारेल, "सर, यात फुरसुंगी धरलंय का?" तेवढा एक प्रश्न निबंध वाचवतो. नकाशांचंही तसंच: प्रमाण, उत्तर दिशा, सूची, स्रोत आणि साल नसलेला नकाशा बैठकीत लावूच द्यायचा नाही, मांडणारा कितीही ज्येष्ठ असो. हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवलात तर कुणाला वाईट वाटत नाही. नंतर आणलात तर वाटतं.

नियतकालिकाऐवजी वर्षाला एक क्षेत्र-अहवाल काढा. तीस-चाळीस पानं, मराठीत, सगळ्या मोजमापांच्या तक्त्यांसह. अहवाल मराठीतच हवा. ज्यांच्या घरातली गाळाची रेघ तुम्ही मोजलीत त्यांना तो वाचता आला पाहिजे, आणि चुकीचं असेल तर "आमच्याकडे पाणी एवढं नव्हतं" असं सांगता आलं पाहिजे. त्याच्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, शहरातल्या दोन-तीन जुन्या ग्रंथालयांत आणि वॉर्ड ऑफिसमध्ये द्या. मूळ नोंदवह्या फेकू नका. कुठे, कुणाकडे ठेवायच्या हे लेखी ठरवा, नाहीतर त्या सचिवांच्या घराच्या माळ्यावर जातात आणि घर बदललं की रद्दीत.

नोंदणीचं थोडक्यात. सात जण लागतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. नंतर दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज न भरल्यामुळे चांगल्या संस्था पुढे वर्षानुवर्षं अडकून पडतात. म्हणून दोन पावसाळे काम करा, माणसं टिकतात का बघा, मगच नोंदणी करा. आजीव सभासदत्वाची वर्गणी घेतलीत तर ती ठेवीत टाका, व्याजावर चाला. एका संस्थेत ती रक्कम अधिवेशनाच्या मांडवात आणि जेवणावळीत गेली. पुढच्या वर्षी पत्रव्यवहाराला पैसे नव्हते, आणि ज्यांनी आजन्म वर्गणी भरली होती त्यांच्याकडे पुन्हा मागायची सोय नव्हती.

अधिवेशनाला माझा विरोध नाही. तरुण मुलाने पन्नास अनोळखी जाणकारांसमोर उभं राहून आपलं काम मांडणं, याची सर कशालाच नाही. पण दोन दिवसांत दोनशे निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटं, प्रश्नांना वेळ नाही, असं झालं की ते मांडणं राहत नाही. तुमच्या मंडळाने वर्षातून एक दिवस ठेवावा, सहाच निबंध घ्यावेत, आणि दुपारी सगळ्यांनी मिळून बाहेर पडावं. राम नदी, वाघोलीच्या खाणी, कात्रजचा घाट, मुळा-मुठेचा संगम, कुठेही. सकाळी ज्यावर वाद झाला ते दुपारी जागेवर जाऊन पाहायचं.

सरकारदरबारी अशा संस्थेचं काही चालतं का, असं तुमच्या पत्रात शेवटी आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात. तिथे ओढे आराखड्यात नीट दाखवलेले नाहीत, अशा तक्रारी शेकड्यांनी जातात. त्यांत "आमच्या मते" असं लिहिलेला अर्ज आणि छेद, पातळ्या, तारखा, फोटो जोडलेला अर्ज यांत सुनावणीच्या टेबलावर फार फरक पडतो. अधिकाऱ्यालाही आधार हवा असतो. तुमचं म्हणणं प्रत्येक वेळी मान्य होईल असं नाही, पण आकडे एकदा दप्तरी दाखल झाले की ते नाहीत असं कुणाला म्हणता येत नाही. एक पथ्य पाळा: मंडळाने आंदोलनात उतरू नये. सभासदांनी वैयक्तिक उतरावं, जरूर उतरावं. पण मंडळाचे आकडे दोन्ही बाजूंना विश्वासाने वापरता आले पाहिजेत.

तर सुरुवात अशी करा. प्राचार्यांकडे घटना आणि लेटरहेड घेऊन जाण्याऐवजी एका ओढ्याचं नाव घेऊन जा. तुमच्या हडपसरच्या बाजूचा निवडलात तर उत्तम, जाणं-येणं सोपं पडेल. मार्च-एप्रिलमध्ये तो कोरडा असताना उगमापासून संगमापर्यंत पायी जा, दर शंभर-दोनशे मीटरवर आडवा छेद घ्या, पूल, मोऱ्या, भिंती आणि भराव नकाशावर मांडा. काठावरच्या जुन्या माणसांकडून प्रत्येक वळणाचं, डोहाचं नाव विचारून लिहून घ्या, टोपोशीटवर त्यांतली बहुतेक नसतात. मे महिन्यात बेंचमार्क जोडून घ्या आणि पर्जन्यमापक बसवा. एक जूनपासून वाचन सुरू. पूरखुणांच्या नोंदीसाठी आणि पावसाच्या वहीसाठी मी वापरतो ते छापील नमुने आहेत. हवे असतील तर कळवा, पाठवतो. लेव्हल कशी लावायची हे दाखवायला एखाद्या रविवारी मी स्वतः येईन.